पाडव्याला बदलू

या वर्षी भात आठेक दिवस आधीच पिकलं. सकाळी मागच्या दारी उभं राहिलं की खालच्या कुणग्यांवरून, भाताच्या खाचरांवरून, वास येतो. वाळत चाललेली माती आणि तापायला लागलेल्या लोंब्या, दोन्हींचा मिळून. थोडा गोडसर, थोडा कुबट. बाकीच्यांना या वासाने नव्या तांदळाची पेज आठवते. मी फोन बघते. तो किती चार्ज आहे ते कळल्याशिवाय या दिवसांत मला पायरी उतरवत नाही.

गेल्याच आठवड्यात त्या फोनवर एक ओळ उमटली. या मोबाईलला यापुढे नवी सुधारणा मिळणार नाही, अशा अर्थाची. एरवी फोन छान चाललाय. आवाज स्वच्छ येतो, काच अजून सरळ आहे. तरी मी त्याच संध्याकाळी पुण्याला केतकीला, माझ्या लेकीला, फोन लावला.

"माझ्यासाठी नवा बघ. याच आठवड्यात."

"आई, अजून दोन वर्षं सहज जाईल तो."

"बघ म्हटलं ना."

ती मग म्हणाली, "कापणी सुरू झाली का गं तिकडे?"

मी हो म्हटलं. तिने त्याच रात्री फोन मागवला.

पूर्वीची मी अशी नव्हते. माझ्या हातात वस्तू टिकते, हा माझा मोठा अभिमान होता. लग्नातली ताटं अजून वापरात, शाळेत नोकरीला लागले तेव्हा घेतलेली छत्री तीनदा काड्या बदलून निवृत्तीपर्यंत पुरवली. वर्गात मुलांनाही तेच सांगायचे, जपलं की टिकतं. जी माणसं दर वर्षी नवं काहीतरी घेतात त्यांच्याविषयी मनात एक बारीकशी तुच्छता होती, आणि ती तुच्छता मला सद्गुणासारखी वाटायची. तेव्हाचा मोबाईलही मी तसाच जपला. निवृत्त झाले त्या वर्षी घेतलेला. त्याच्या कोपऱ्यावर काच तडकली, मी चिकटपट्टी लावली. त्याचं एक बटण रुतून बसलं, मी नखाने दाबायला शिकले. लोक त्याला हसायचे आणि मला बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीचा पावसाळा मला आज त्या फोनच्या आजारपणाचा पावसाळा म्हणूनच आठवतो. तेव्हा मात्र मला ते आजारपण दिसत नव्हतं, त्याच्या खोड्या दिसत होत्या. आषाढात तो बोलता बोलता तापायला लागला. गालाला चटका बसायचा, मी कान बदलायचे. श्रावणात बँकेचं काम त्याच्यावर उघडेना, मी आचऱ्याला जाऊन रांगेत उभी राहायला लागले. मग तो चार्ज असतानाच बंद पडायला लागला. आधी दहा टक्क्यांवर, मग वीसवर, मग त्याहून वर. मी काय केलं, तर चार्जर पिशवीत ठेवायला लागले. प्रत्येक वेळी तो एक पाऊल मागे सरकायचा आणि मी त्याच्याबरोबर एक पाऊल मागे सरकून म्हणायचे, एवढं चालतं. बाहेर पाऊस कोसळत असायचा, वीज तासन्‌तास नसायची, आणि फडताळावर ठेवलेला तो फोन माझ्या नकळत पाठीला फुगत होता.

चतुर्थीला केतकी आली ती नवा फोन घेऊनच. पांढरा, कोरा डबा. गणपतीच्या गर्दीत तो हातोहात फिरला. माझी धाकटी जाऊ शालन, तिने तर तो उघडून नाकाशी धरला.

"वास बघ गो कसो येता! वयनी, ह्यो तू वापरूक लागलंस की जुनो माका दी हां. माका फुलांचे व्हिडिओ बघूचे आसत."

शालनकडे तेव्हा बटणांचा छोटा फोन होता. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, मुंबईत कंपनीत. फोन यायचा तो त्याचाच. आमचे हे सकाळच्या गाडीने कणकवलीला दुकानावर जायचे ते दिवेलागणीला परत. त्यामुळे दिवसभर एका अंगणात आम्ही दोघी. ती हसरी, अंगाने भरलेली, आवाज डोंगरावरच्या सड्यापर्यंत जाईल असा. अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, बांधावा तर तिनेच. केळीच्या सोपाचा दोरा डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून ती फुलं अशी ओवत जायची की बघणाऱ्याला गाठ कधी पडली ते कळायचं नाही. देवळात जत्रेला देवीच्या अंगावर तिचाच वळेसर चढायचा.

केतकी जाताना चारदा बजावून गेली. "आई, माझ्यासमोर सुरू कर. मी सगळं त्यात घालून देते." मी म्हटलं, पितृपक्ष तोंडावर आलाय. पितृपक्ष संपल्यावर म्हटलं, दसऱ्याला. दसऱ्याला शालनने आठवण केली तेव्हा म्हटलं, "आता दिवाळीच्या पाडव्याक बदलूया. कापणी होऊन जांवदे. शेतात नवीन फोन कित्याक चिखलात घालूचो?"

हे कारण सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं. खरं कारण वेगळं होतं आणि ते इतकं लहान होतं की सांगायला लाज वाटते. मला भीती वाटत होती की नवा फोन मला चालवता येणार नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेली बाई आपल्या लेकीपुढे ढ ठरेल. जुन्याच्या सगळ्या खोडी मला पाठ होत्या. त्याच्यापुढे मी हुशार होते.

कापणीच्या आधी एकदा आचऱ्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराकडे गेले. त्याने फोन टेबलावर उताणा ठेवून बोटाने ढकलला, तर तो भोवऱ्यासारखा फिरला.

"बाईनु, बॅटरी फुगली हा. ह्यो आता ठेवू नकात."

"पाडव्यापर्यंत काढीत मा?"

"काढीत. पण कामाच्या वेळार दगो देतलो."

मी हसले. घरी येऊन शालनला ते वाक्य नक्कल करून सांगितलं. तीही हसली.

कापणी म्हणजे घाई. दुपार कलली की डोंगराच्या बाजूने काळं भरून यायचं, गडगडायचं, आणि कापून आडवं घातलेलं भात भिजवून जायचं. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात माणसं हवी असतात, त्यामुळे माणसं मिळत नाहीत. आमचा व्हाळापलीकडचा, ओढा ओलांडून जायचा, कुणगा राहिला होता. लहानसाच. दोघींनी दोन सकाळीत उरकू, असं ठरलं. पहिली सकाळ नीट गेली. दुसऱ्या सकाळी निघताना मी फोन बघितला. बेचाळीस टक्के. पुष्कळ झाले, म्हटलं आणि कमरेच्या पिशवीत टाकला. शालनचा छोटा फोन तिच्या ओट्यावर चार्जिंगला होता. "तुझो आसा मा," असं म्हणून तो तिने तिथेच ठेवला.

त्या कुणग्यात त्या सकाळी पक्षी नव्हते. हे मला नंतर सुचलेलं असेल. पण दव सुकलं होतं, वारा पडला होता, आणि पिकलेलं भात उभंच्या उभं स्तब्ध होतं, एवढं नक्की आठवतं. आमच्या विळ्यांचा खसाखस आवाज तेवढा. डाव्या हाताने मूठ धरायची, उजव्याने कापायची, मागे ठेवायची. शालन बांधाच्या कडेने, मी मधून. ती जत्रेतल्या दुकानांविषयी काहीतरी सांगत होती. सांगता सांगता थांबली.

"वयनी, काय तरी चावला गो."

आवाज अगदी साधा होता. काटा लागल्यासारखा. मी वळले तर ती डावा हात पुढे धरून उभी. तर्जनीवर दोन ठिपके, मिरचीच्या बियांएवढे. रक्त जेमतेम. आणि तिच्या पायाशी, कापलेल्या भाताच्या मुठीखाली, वीतभर लांबीचं मातकट काहीतरी वळलं आणि दिसेनासं झालं.

फुरसं. आमच्याकडे या सापाचं नाव लहान मुलाला बोलता यायच्या आधीपासून कानावर पडतं. आकाराने क्षुल्लक, रंगाने माती. माणूस लगेच पडत नाही, म्हणून लोक फसतात. मग रक्त पातळ होत जातं.

मी तिला दोन पावलं मागे ओढून बांधावर बसवली, मग आडवी केली. शाळेत दर वर्षी मुलांना वाचून दाखवलेला धडा मला पाठ होता. धावपळ नको, आवळून बांधू नका, हात स्थिर ठेवा. मी पदर फाडून तिचा हात विळ्याच्या मुठीला सैलसर बांधला. "घाबरू नको. आपाक फोन करतंय." आपा म्हणजे वाडीतले रिक्षावाले. गाडी थेट व्हाळापर्यंत आणायचे.

फोन काढला. एकेचाळीस टक्के. नंबर लावला. एक रिंग झाली. दुसरी अर्धी झाली आणि कानाशी सगळं शांत झालं. मी फोन समोर धरला तर काचेत माझं तोंड.

मी बटण दाबलं. नखाने दाबलं. तो थरथरला, कंपनीचं नाव उमटलं, मी आशेने बघत राहिले आणि ते नाव पुन्हा विझलं. असं तीनदा झालं. शालन मान वळवून माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण ती म्हणाली, "लागना नाय काय?"

तिला उचलणं मला शक्य नव्हतं. चालवायची नव्हती.

"शालन, मी जावन आपाक घेवन येतंय. तू हालू नको. कायव झाला तरी हालू नको."

"बेगीन ये," ती म्हणाली.

मी पळाले. साठीच्या बाईचं पळणं ते. व्हाळात पाय घसरून पडले, उठले. पलीकडची चढण चढताना छातीत घण बसत होते. आपांच्या अंगणात रिक्षा नव्हती. त्यांची सून म्हणाली, तिठ्यावर गेले. तिचा फोन घेऊन त्यांना लावला तर ते गाडी चालवत असणार, उचलेनात. मी तिठ्याच्या, तीन रस्त्यांच्या नाक्याच्या, वाटेला लागले. वाटेत दोन्ही बाजूंना भात उभं होतं, आणि मला आठवतंय, त्याच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. तिठ्यावर आपा भेटले. रिक्षा वळवून, व्हाळाशी लावून, आम्ही दोघं धावत कुणग्यापर्यंत आलो.

शालन होती तिथेच होती. तशीच, जशी ठेवली होती तशी. डोळे उघडे, आभाळाकडे. मी हाक मारली तरी तिने मान हलवली नाही.  मग तिचे ओठ हलले. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि ठिपक्यांतून रक्त झिरपत होतं, थांबत नव्हतं.

रिक्षात आपा चाचरत म्हणाले, "वाटेर मुळी देणारो एक आसा. तीन मिनिटांचा काम."

"नको. सरळ दवाखान्यात," मी म्हटलं. त्या दिवसात मी जे काही बरोबर केलं ते एवढंच.

डॉक्टर तरुण होते. त्यांचा पहिला प्रश्न, "किती वाजता चावला?"

मला सांगता येईना. घड्याळ मी केव्हाच सोडलं होतं, वेळ फोनमध्येच बघायचे. "सकाळी," मी म्हटलं. "दव सुकलं होतं." माझं ते उत्तर मला अजून ऐकू येतं. त्यांनी शांतपणे ते लिहून घेतलं.

मग त्यांनी तिचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि ती नळी स्टँडमध्ये उभी केली. "वीस मिनिटं हलवायची नाही. रक्त गोठलं तर ठीक." भिंतीवर घड्याळ होतं. मी घड्याळाकडे बघत होते, नळीकडे बघत होते. शेजारी खाटेवर शालन म्हणाली, "वयनी, तोंडात खारट लागता." तिने ओठ विलग केले तेव्हा दातांच्या कडा लाल होत्या. मी पदराने पुसलं, पुन्हा लाल झालं. नळीतलं रक्त दिसायला किती साधं होतं. वीस मिनिटं झाली, डॉक्टरांनी नळी हळूच तिरकी केली, आणि ते पाण्यासारखं कडेपर्यंत वाहत आलं.

त्यांनी नर्सला खूण केली. औषध चढवायला लागले आणि तिथून तिला ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथेही नळी, पुन्हा वाहिली. पुन्हा औषध, पुन्हा नळी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरक्या केलेल्या नळीत रक्त जागच्या जागी राहिलं. दीर मुंबईहून पोचले होते. ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मला रडू आलं नाही.

शालन वाचली. बोट मात्र वाचलं नाही. आठवड्याभरात ते टोकापासून काळं पडत गेलं आणि अर्धं काढावं लागलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, लवकर आलो असतो तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. लवकर आलेल्यांचंही कधी कधी जातं." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, किंवा खरंच तसं असेल. मला दोन्हींपैकी एक कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. तू घालवलंस, किंवा तुझा संबंध नाही. ते कुणीच सांगितलं नाही, अजून सांगितलेलं नाही.

पाडवा कधी येऊन गेला कळलंही नाही. केतकीने येऊन नवा फोन सुरू करून दिला. सगळं मिळून चहा होईपर्यंतचं काम. मी त्यात कुठेही ढ ठरले नाही. जुना फोन शालनने मागितला नाही, मी दिला नाही. केतकी तो पुण्याला घेऊन गेली, असले फोन जमा करतात तिथे द्यायला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे आहे. एखादी गोष्ट बदलायची वेळ झाली हे कळतं कधी? ती बंद पडते तेव्हा, असं मला वाटायचं. पण ती वेळ त्याआधी कितीतरी येऊन गेलेली असते. ती येते तेव्हा काहीच घडत नाही. एखादा आषाढातला दिवस असतो, गालाला चटका बसतो, आपण कान बदलतो. आपण सांभाळून घेतो आणि त्याला जपणं म्हणतो. आता मी उलट टोकाला गेले आहे. साठ टक्के दिसले तरी चैन पडत नाही. केतकीने पाठवलेला दुसरा नवा फोन परवा आला, त्याच दिवशी सुरू केला. तरी कुणग्याच्या वाटेला लागले की वाटतं, दगा देणारी वस्तू आता दुसरीच कुठलीतरी असेल, आणि तिच्या खोडीही मला आत्ता पाठ झालेल्या असतील.

शालनला मी कधी काही बोलले नव्हते. दोन कापण्या अशाच गेल्या. ती आता वळेसर बांधते तो मधल्या बोटाच्या आधाराने. जमतो, पण वेळ लागतो, आणि ती बांधत असताना मी समोर बसत नाही. कुणग्यात ती उतरत नाही. डबा घेऊन येते आणि बांधावर, मोकळ्या जागेत बसते.

काल सकाळी मी तिच्या शेजारी बसले. विळा बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नवा फोन घरात होता, तुला ठाऊकच आहे. मी भीतीने उघडला नाही. पोराने सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं. तुझं बोट माझ्यामुळे गेलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. गवताची काडी मोडत राहिली.

"फोनाचा काय घेवन बसलंस गो," ती म्हणाली. "ता माका तवाच कळला होता. तुझा तोंड बघून."

"मग बोललंस नाय कित्याक?"

"माका तेचा काय वाटला नाय."  मग माझ्याकडे न बघता बोलली. "तू गेलंस मा, तेच्या मागसून ता फुरसा परत बाहेर इला. माझ्या कानाकडे. करकरत होता. तापलेल्या तव्यार पाणी पडता तसो आवाज. तू सांगललंस हालू नको. म्हणान मी हाललंय नाय. तू येयपर्यंत हाललंय नाय."

 तिचा हात धरावा म्हणून मी हात पुढे केला, तर तो धरायचा कुठे तेही कळेना.

"कोणाक सांगूक नाय आजून," ती म्हणाली. "घोवाकव नाय. आजूनव कधी निजललंय की ऐकाक येता. मग हालूचो धीर होना नाय."

 ऊन चढत होतं. डोंगराच्या बाजूला ढग जमायला लागले होते आणि अर्धा कुणगा उभा होता. शेवटी तीच म्हणाली, "ऊठ, पावस येतलो."

मी उठले, काठीने जमीन आपटत आत गेले आणि वाकून कापायला लागले. वाकल्यावर उभ्या भाताआड मी तिला दिसेनाशी होत असणार. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"वयनी!"

"ओ," मी म्हटलं.

काम नव्हतं काही. दोन मुठी कापून झाल्या, पुन्हा हाक आली. मी पुन्हा ओ दिली. पाऊस यायच्या आत आम्ही तो कुणगा असाच संपवला.